हवेतला चेंडू

या, जवळ सरकून बसा. चेंडूवर जीव टाकलेल्या एका म्हाताऱ्याची गोष्ट सांगते.

अलाबामातल्या एका कॉलेजच्या गावी व्हर्लन मरणाला टेकला होता. तिथला फुटबॉल अमेरिकी, चेंडू हातात घेऊन खेळायचा. वर्षानुवर्षं त्याचा लाडका कॉलेजचा संघ चेंडू छातीशी धरून गर्दीत घुसायचा आणि हरायचा. यंदा चढाईचे डाव आखायला नवा प्रशिक्षक आला होता.

"हा लांब फेकायला लावील, लोरीन. तेवढं बघून जातो."

"जातो म्हणे! आधी सूप संपव," बायको करवादली.

गावाची रीतच होती, टीव्ही मुका ठेवायचा आणि वर्णन आपल्या रेडिओचं ऐकायचं. रेडिओ चित्राच्या थोडा पुढे धावे. व्हर्लनचे कान गेलेले, म्हणून रेडिओ लोरीनच्या कानाशी असे.

त्या दिवशी सामन्याच्या अखेरच्या क्षणी रेडिओ कळवळला: लांब फेक, पण चेंडू शत्रूने झेलला, सामना गेला. पडद्यावर मात्र चेंडू नुकताच हातातून सुटत होता.

"फेकला गं!" व्हर्लन धडपडत उठू लागला.

चेंडू हवेत असतानाच लोरीनने टीव्ही बंद केला आणि ती त्याच्या कानात ओरडली, "आपल्या पोरानं झेलला! जिंकलो!"

"मी सांगत नव्हतो?" तो हसला. त्याच हसऱ्या तोंडाने तो गेला.

अंत्यविधीला आलेले लोक नव्या प्रशिक्षकाला शिव्या घालत होते. लोरीन शवपेटीवर हात ठेवून गप्प उभी होती. देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या माउलीची आठवण ठेवा.