सारवलेला हौदा

भिलाईत माझ्याशी पहिल्यांदा कोणी पोटभर बोललं, ते हौद्याबद्दल. त्याआधी मी अख्खा हिवाळा तिथे काढला होता आणि तेवढ्यात लोकांनी मला उद्देशून म्हटलेली वाक्यं दोनच होती : "पीछे लो" आणि "आगे लो". नीट पाहिलं तर तीही मला नव्हती, गाडीला होती.

पोलादाचा कारखाना तेव्हा रशियनांच्या मदतीने उभा राहत होता. मी साकोलीकडचा, एका ठेकेदाराची पिकअप चालवायचो. पुढे जीपचं तोंड, मागे पत्र्याचा उघडा हौदा. केबिनमध्ये मी एकटा. हमाल आणि रेजा, म्हणजे मजूर बाया, मागे मालाबरोबर बसत आणि गाणी म्हणत. मधल्या काचेतून मला त्यांची हलणारी तोंडं दिसत. ऐकू काही येत नसे, कारण इंजिन फार बोलकं होतं. बराकीत माझ्या एका बाजूला तेलुगू माणूस होता, दुसऱ्या बाजूला उडिया. दोघेही झोपेत बोलत. मी एकदा तेलुगूला मराठीत उत्तर देऊन पाहिलं. त्याने कूस बदलली.

तर हौदा. आधीच्या गाडीचा हौदा भट्टीच्या विटा आपटून आपटून फाटला होता. एके दिवशी स्टेशनच्या यार्डापासून कारखान्याच्या फाटकापर्यंत त्यातून बोल्ट गळत गेले. कोणालाच कळलं नसतं, पण मागून सायकलवर येणाऱ्या एका प्रामाणिक माणसाने ते सगळे गोळा करून आमच्या मुन्शींच्या टेबलावर आणून ठेवले. मुन्शी म्हणजे भय्याजी, उमरेडचे. नवी पिकअप माझ्या हाती देताना त्यांनी सांगितलं की या हौद्याला भोक पडलं तर पुढच्या खेपेला बोल्टांच्या जागी मी गळेन. पत्रा कसा वाचवायचा ते मी ठरवायचं होतं.

सेक्टर सहाच्या अर्धवट क्वार्टरांसमोर चहाची एक टपरी होती. संध्याकाळी तिथे गाडी लावून, मागचा फाळका खाली पाडून मी हौद्याकडे पाहत उभा राहिलो. नवा हिरवा रंग, त्यावर पहिल्याच दिवसाचे ओरखडे.

"काय पाहून राहिला बे?"

मराठी. मी आधी मागे वळून पाहिलं, दुसऱ्या कोणाला म्हणाला असेल म्हणून.

बोलणारे मारोतराव, कामठीचे, रेल्वेत रूळ-स्लीपरच्या कामावर. मी अडचण सांगितली. त्यांनी हौद्याला दोन प्रदक्षिणा घातल्या, पत्र्यावर टिचक्या मारल्या आणि डांबर सांगितलं. डांबर फासलेलं लाकूड जमिनीत वर्षानुवर्षं पडून राहतं, वरून गाड्या जातात आणि त्याला काही होत नाही. इंग्रज गेला, डांबर राहिलं. दिवे लागेपर्यंत ते डांबरावर बोलले. मी "हो काका, फासतो" म्हटलं, तसे ते चहा संपवून सायकलवर बसून निघून गेले.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की "हो" म्हटलं की माणूस जातो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फासलं का म्हणून विचारलं. मी म्हटलं, विचार चालू आहे, एक जण लाकूडच बरं म्हणत होता. असं कोणीच म्हणत नव्हतं. पण मारोतरावांनी सायकल स्टँडला लावली, हौद्यात चढून मांडी घातली आणि लाकडाची उणीदुणी काढायला बसले. त्या काळी भिलाईत कुठलीही गोष्ट फार दिवस नुसती बोलण्यात राहत नसे. तिसऱ्या संध्याकाळी लाकडाच्या बाजूचा माणूस खरोखरच आला. शालिकराम सुतार, गोंदियाचा. क्वार्टरांच्या चौकटी बसवायचा. जाताजाता 'लाकूड कुजते' एवढं कानावर पडलं आणि तो थांबला.

"कुजते? कोणाचं कुजते? तुमचा बाप सागाच्या पाळण्यात झोपला, कुजला का?"

मग काय विचारता. मी टपरीवाल्याला तीन चहा सांगितले. भिलाईत आल्यापासून मी पहिल्यांदा एकाहून जास्त चहा सांगत होतो. टपरीवाल्याने तीनदा खात्री करून घेतली.

गिरजाबाई त्याच आठवड्यात आल्या. त्या लाखांदूरकडच्या. मुलाला सेक्टर सहामध्ये क्वार्टर मिळालेलं, म्हणून त्यांनाही गावाहून आणलं होतं; आणि त्यांनी हट्टाने गाय आणली होती. क्वार्टरच्या मागच्या बाजूला ती बांधलेली असे आणि संध्याकाळी त्या टपरीवर दूध घालायला येत. दूध ओतता ओतता त्यांनी दोन्ही पक्ष ऐकून घेतले आणि मान हलवली.

"तुमी दोघं बी येडे. भुईले काय करतेत? सारवतेत."

"मावशी, हा पत्रा आहे," मी म्हटलं.

"पाय ठेवतेत ना याच्यावर? मंग भुईच हाय."

मारोतरावांनी पत्र्यावर पुन्हा टिचकी मारली, शालिकरामने पाय ठेवून पाहिला, आणि मी आणखी एक चहा सांगितला. तीन पक्ष झाले होते.

त्या उन्हाळ्यात मी फार सुखी होतो. संध्याकाळी फाळका पडला की हौदा भरायचा. डांबर, लाकूड, शेण. मग तिथून गावं, लग्नं, कोणाच्या भावाने कोणाची विहीर बुजवली, आणि पुन्हा डांबर. मराठीचा एक शब्द न कळणारा एक पंजाबी वेल्डरही येऊन बसायचा आणि शेवटी नेहमी लाकडाच्या बाजूने हात वर करायचा. माझं काम एकच होतं : ठरू न देणं. डांबर जिंकायला लागलं की मी विचारायचो, उन्हात वितळलं तर? लाकूड जिंकायला लागलं की वाळवीचं नाव काढायचो. शेण जिंकायला लागलं की म्हणायचो, खालून पत्रा गंजेल ना हो मावशी. विषय संपला की माणसं संपतील, हे मला पक्कं माहीत होतं. हिवाळा मी विसरलो नव्हतो.

इकडे पत्र्यावरचे ओरखडे खोल जात होते. भय्याजींनी एकदा हौद्यात डोकावून पाहिलं आणि विचारलं की ठरवून राहिला का सत्यनारायण करून राहिला. मी घाईघाईने तिन्ही उपायांची चाचणी घेऊन पाहतो म्हणून सांगितलं. हौद्याचे तीन भाग केले : केबिनकडे डांबर, मधे फळ्या, फाळक्याकडे शेण. चाचणी चांगली लांबेल अशी माझी आशा होती.

डांबर पहिल्याच दुपारी वितळलं आणि एका हमालाची विजार बसल्या जागी धरून बसलं. तो उठला, विजार उठली नाही. फळ्यांपैकी दोन कोणाच्या तरी चुलीत गेल्या; शालिकराम म्हणाला की यावरूनच लाकडाला किती मागणी आहे ते दिसतं. राहिलं शेण. गिरजाबाईंनी आपला भाग बोटांच्या कमानी उठतील असा सारवला होता आणि हात लागलाच आहे म्हणून कोपऱ्यात पिठाची छोटी रांगोळी घातली होती.

सारवल्याच्या दुसऱ्या सकाळी मी गाडी विटांच्या ढिगाशी लावली. हमालांचा म्होरक्या सुखराम, जवळच्याच बोरसी गावचा, चढायला म्हणून पाय उचलून तसाच थांबला. मग मागच्यांना म्हणाला, "लीपे हे गा. पनही उतारो."

सारवलंय म्हटल्यावर सगळ्यांनी पायताणं काढली. फाळक्याखाली त्यांची ओळ लागली, लग्नघरासारखी. मग वीट आली. एरवी ती खालून फेकत, वरचा झेलत नसे आणि पत्रा बोंबलत असे. त्या दिवशी रेजा एकेक वीट दोन्ही हातांनी देत होत्या आणि सुखराम ती रांगोळी चुकवून, वाकून ठेवत होता. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. सारवलेल्या भुईवर वीट आपटायची नसते, एवढंच. सारवण टिकलं की नाही हा प्रश्नच उरला नाही. पत्र्यावर आपटणारी माणसंच निघून गेली होती, आणि त्याच अंगरख्यातली दुसरी आली होती.

भट्टीपाशी माल उतरवताना एक रशियन साहेब विटा तपासायला आला. उंच, लालबुंद. त्याने पायताणांची ओळ पाहिली, रांगोळी पाहिली, सुखरामकडे पाहिलं. मग फाळक्यावर बसून बुटांच्या नाड्या सोडल्या. त्याच्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. तपासून झाल्यावरही तो जरा वेळ तिथेच मांडी घालायचा प्रयत्न करत बसला, आणि सारवणावर हात फिरवत आपल्या भाषेत काहीतरी लांबलचक बोलला. दुभाष्या कुठेतरी गेला होता. मी नुसतं "हो" म्हटलं. तो बूट घालून निघून गेला.

संध्याकाळी भय्याजी स्वतः टपरीवर आले. तिन्ही पक्षांनी एकदम बाजू मांडली. मी वाळवी, गंज, वितळणं सगळं तयार ठेवून बसलो होतो. भय्याजींनी बशीत चहा ओतला, एक घोट घेतला आणि म्हणाले, "खाली डांबराचा पातळ हात द्या, गंजणार नाई. बाजूच्या पत्र्याले फळ्या. वरून शेण. झालं?"

मारोतराव म्हणाले, झालं. शालिकराम म्हणाला, झालं. पंजाबी वेल्डरने हात वर केला. मी म्हटलं, पावसाळ्यात धुऊन जाईल. गिरजाबाई म्हणाल्या, "ताडपत्री हाय ना गाडीले? का ते तुया लग्नात टाकतं?"

सगळे हसले. बशीतला चहा संपायच्या आत उन्हाळ्याचा विषय संपला. तिघंही जिंकले होते. शालिकरामने जाताना माझी पाठ थोपटली.

रविवारी सगळ्यांनी मिळून हौदा करून दिला, आणि सोमवारी कोणी आलं नाही. मंगळवारी मारोतराव रस्त्याच्या पलीकडून सायकलवर जाताना दिसले. त्यांनी हात केला, मी हात केला. शालिकरामचं काम दुसऱ्या सेक्टरला लागलं. टपरीवाल्याने न विचारता एकच चहा आणला.

मी हौद्यात चढलो, चपला काढून. आत स्वच्छ सारवलेली भुई, बाजूंना फळ्यांच्या भिंती, वर आभाळ. घरच होतं, आत माणसं तेवढी यायची होती. मी केबिनला पाठ टेकून बसलो आणि डबा काढला. पोळी तोडताना सवयीने दोन तुकडे बाजूला ठेवले गेले, समोर कोणी असेल तर घे म्हणायला. मग तेही मीच खाल्ले.

सारवण आठ-दहा दिवसांत भेगाळलं. मी तसंच राहू दिलं. संध्याकाळी दूध घालायला आलेल्या गिरजाबाईंनी ते पाहिलं.

"काऊन रे, असं ठेवतेत का?"

"मले सारवता येत नाई मावशी."

दुसऱ्या दिवशी त्या शेणाची पाटी घेऊन आल्या. पदर खोचून हौद्यात चढल्या, मला बादली धरायला लावली. हात फिरवता फिरवता बोलत होत्या. क्वार्टरात सगळी सिमेंटची फरशी. मुलगा शिफ्टवरून येतो आणि झोपतो. सूनबाई फडकं मारते, दोन मिनिटांत झालं. सकाळी उठावं तर हाताला कामच नाही. गायीचं शेण फुकट जातं. एकदा त्यांनी न राहवून सिमेंटवरच हात फिरवला तर पोरगा म्हणाला, आई, लोक काय म्हणतील. लाखांदूरला त्या तीन खोल्या आणि अंगण सारवत.

अर्ध्यावर येऊन त्या थांबल्या. माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "साकोलीचा ना तू? तुया मायनं शिकवलं नाई सारवणं?"

मी बादलीतल्या पाण्याकडे पाहिलं. "शिकवलं," मी म्हटलं.

"हं," त्या म्हणाल्या, आणि पुढे सारवायला लागल्या.

फाळक्यापाशी येता येता पाटीत शेण बरंच उरलं होतं. उजव्या हाताचा कोपरा, चार वितींचा, कोरडाच राहिला. मी तो बोटाने दाखवला. त्यांनी पाहिला, पाटी उचलली आणि माझा हात धरून खाली उतरल्या.

"तो उद्याले," त्या म्हणाल्या. "आन् चहा सांग. दोन."