घाटासाठी चाकं

प्रतिमाने चाक दोन्ही हातांनी उचलून गाडीच्या हबच्या बोल्टांवर बसवलं. पाचही भोकं अचूक जुळली. नट हातानेच घट्ट करून ती गुडघ्यांवर मागे सरकली आणि तिने चाकाला हलकेच ढकललं. चाक थोडं फिरलं, आतून खरखर असा आवाज आला आणि ते अडकलं.

तिने पुन्हा ढकललं. पुन्हा तोच आवाज.

"काय झालं?" देवांग अपार्टमेंटच्या पायऱ्यांवर कॉफीचा मग घेऊन उभा होता.

"ब्रेकला घासतंय."

"पण वेबसाइटवर फिट होतं म्हणालीस ना?"

मोबाइलचा टॉर्च लावून प्रतिमा चाकाच्या फटींतून आत बघत राहिली. ब्रेकची डिस्क दोन्ही बाजूंनी धरणारा कॅलिपर तिच्या गाडीला जरा मोठाच होता. गाडी सेकंडहँड घेताना विकणाऱ्याने 'स्पोर्ट मॉडेल' असं मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं, त्याचा अर्थ आज कळत होता. बोल्टांचं अंतर बरोबर होतं, मधलं भोक बरोबर होतं, फक्त बर्फाच्या टायरसाठी मागवलेल्या सोळा इंची रिमच्या पोटात एवढा ब्रेक मावत नव्हता.

"सोड ना यार," देवांग खाली येत म्हणाला. "क्लिनिकला सांग, हिवाळ्यापुरती सुट्टी घेते. मार्चमध्ये परत जॉइन कर. नाहीतर व्हिडिओवर कन्सल्ट कर."

"व्हिडिओवर दात काढू?"

तो हसला, पण ती हसली नाही. तिने नट सैल करायला सुरुवात केली.

प्रतिमा नागपूरला डेंटिस्ट होती. लग्न करून बेलव्ह्यूला आली तेव्हा तिच्या व्हिसावर तिला काम करायची परवानगी नव्हती, आणि परवानगी आली तेव्हा कळलं की इथे भारतातली डिग्री चालत नाही. मग परीक्षा, पुन्हा कॉलेज, पुन्हा परीक्षा. वर्गात तिच्या मांडीला मांडी लावून बसलेली मुलं तिच्याहून पुष्कळ लहान होती. लायसन्स हातात पडल्यावर बेलव्ह्यूतल्या चकचकीत दवाखान्यांनी तिला 'कळवतो' म्हणून सांगितलं. कळवलं ते फक्त स्नोक्वाल्मीच्या घाटापलीकडच्या एका छोट्या क्लिनिकने. फळबागांत आणि पॅकिंगच्या शेडमध्ये राबणारी माणसं तिथे येत. आठवड्यातून दोन दिवस तिथे डेंटिस्ट म्हणून फक्त प्रतिमा असे.

उन्हाळाभर घाट म्हणजे मजेचा रस्ता होता. आता पर्वतांवर पांढरं दिसू लागलं होतं, आणि देवांगला भीती वाटत होती. ती भीती तो सल्ल्यासारखी बोलून दाखवत होता.

"माझी गाडी ने मग," तो म्हणाला. "ऑल व्हील ड्राइव्ह आहे, चारही चाकं ओढतात."

"टायर कुठले आहेत तिचे?"

"कंपनीने दिले ते."

"त्या टायरवर बर्फात गाडी निघेल रे. थांबायची कशी?"

देवांगने मगात बघितलं. कॉफी संपली होती.

येत्या गुरुवारी क्लिनिकमध्ये रोसा येणार होत्या. साठी उलटलेल्या या बाईंचे वरचे सगळे दात गेले होते. बोलताना त्या तोंडावर हात धरत. शनिवारी त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न होतं. कवळीचं माप घेणं, मेणात दात लावून बघणं, सगळं झालं होतं. गुरुवारी ती तोंडात बसवून चावा जुळवायचा होता. आणि गुरुवारी बर्फ पडणार असं सगळी ॲप्स एका सुरात सांगत होती.

दुसऱ्या दिवशी प्रतिमा क्लिनिकमधून येताना दोन छोटे डबे घेऊन आली. दातांचा साचा घेतात ती पुटी त्यांत होती. दोन्ही डब्यांतला थोडा थोडा गोळा एकत्र मळला की काही मिनिटांत तो रबरासारखा घट्ट होतो. ते डबे पर्समध्ये टाकून ती इसाक्वाच्या टायरच्या दुकानात गेली.

काउंटरवरच्या काइलने तिच्या गाडीचं मॉडेल कॉम्प्युटरवर टाकलं. "सतरा इंची रिम घ्या," तो म्हणाला. "टायर थोडा जाड घेऊ, म्हणजे चाकाची एकूण उंची तुमच्या आताच्या चाकाएवढीच राहील. स्पीडोमीटर खोटं दाखवणार नाही. ही डिझाइन सगळ्यांना आवडते."

"बसेल?"

"सिस्टिम तर बसेल म्हणते."

"सिस्टिमने सोळासुद्धा बसेल म्हटलं होतं," प्रतिमा म्हणाली. "लावून बघू शकते? मी स्वतः?"

काइलने खांदे उडवले आणि गाडी जॅकवर घेतली.

प्रतिमाने पर्समधून हातमोजे काढले, पुटी मळली आणि वाटाण्याएवढ्या गोळ्या करून कॅलिपरच्या फुगीर भागांवर चिकटवल्या. रिमला आतून पाण्याचा हात फिरवला, म्हणजे पुटी तिला धरणार नाही. मग चाक बसवलं, नट आवळले आणि ती हाताची घडी घालून उभी राहिली. काइलही उभा राहिला. पुटी घट्ट झाल्यावर तिने चाक काढलं. कडेच्या गोळ्या जाड राहिल्या होत्या, पण पुढच्या बाजूची गोळी चपटी होऊन कागदासारखी झाली होती.

"रिमचे आरे आतल्या बाजूला आलेत," ती म्हणाली. "गाडी तापली, वळणावर जोर आला की घासणार. याच मापात दुसरी डिझाइन आहे? आरे बाहेर फुगलेले असतील अशी?"

काइल आत जाऊन एक साधी, काळी, धुळकट रिम घेऊन आला. "दिसायला काही खास नाही," तो म्हणाला.

"दिसायला नकोच आहे."

पुन्हा पुटी, पुन्हा चाक, पुन्हा वाट बघणं. या वेळी चाक उतरवल्यावर तिने पुढची गोळी ब्लेडने मधोमध कापली आणि कापलेली कड काइलसमोर धरली. चांगली चार मिलिमीटर जाडी होती. त्याने ती हातात घेऊन उलटसुलट बघितली.

"हे तुम्ही कुठे शिकलात?"

"नागपूरला," प्रतिमा म्हणाली. "जबड्यांवर."

टायर तिने कडेवर डोंगर आणि हिमकणाची, म्हणजे बर्फासाठीची, खूण असलेले निवडले, आणि गाडीचं वजन पेलण्याचा आकडा कंपनीने दिलेल्या आकड्यापेक्षा कमी नाही हे वाकून वाचून घेतलं. देवांगचा फोन आला. गाडी पुढच्या चाकांवर चालते, तर पुढची दोनच बदल, असं ऑफिसमध्ये कुणीतरी त्याला सांगितलं होतं.

"पुढची धरतील आणि मागची घसरतील," ती म्हणाली. "गाडी लट्टूसारखी फिरेल. चारही बदलतेय."

गुरुवारी सकाळी ती खाली उतरली तेव्हा देवांग गाडीपाशीच उभा होता. अंगात जाड जॅकेट, पाठीला लॅपटॉपची बॅग.

"वर्क फ्रॉम होम टाकलंय," तो म्हणाला. "रस्त्यात काही झालं तर दोघं असलेलं बरं."

प्रतिमाने त्याच्याकडे बघितलं. मग मागच्या सीटवरची आपली बॅग उचलून त्याच्या बॅगेला जागा केली.

नॉर्थ बेंडपर्यंत पाऊस होता. चढ सुरू झाला तसा त्याचा बर्फ झाला, आधी विरळ, मग दाट. रस्त्यावरच्या पाटीवर पिवळी अक्षरं उजळली: बर्फाचे टायर सक्तीचे. पुढे पोलिसांनी एक लेन अडवली होती. दिव्याची काठी घेतलेल्या अधिकाऱ्याने वाकून तिचा टायर बघितला, हिमकणाच्या खुणेवर काठी टेकवली आणि पुढे जायची खूण केली. मागच्या मोठ्या चकचकीत गाडीला त्याने बाजूला घ्यायला लावलं.

देवांगने डोक्यावरचं हँडल पकडलं होतं. प्रतिमा हळू, एकाच वेगाने जात होती. ब्रेकवर झटका नाही, स्टिअरिंगला हिसका नाही. एका वळणावर समोरचा ट्रक अचानक लाल दिवे लावून थांबला. देवांगचे पाय आपोआप गाडीच्या तळाशी घट्ट रोवले गेले. प्रतिमाने ब्रेक दाबला, पेडल पायाखाली थरथरलं, आणि गाडी सरळ रेषेत, दोन गाड्या मावतील एवढं अंतर राखून थांबली.

ट्रक हलला तशी तिने गाडी पुढे काढली.

"टायर धरतात गं," देवांग म्हणाला.

"हो."

त्याने हँडल सोडलं आणि थर्मासमधला चहा झाकणात ओतून तिच्यापुढे धरला. माथ्यावर डाव्या हाताला ऑल व्हील ड्राइव्हची एक गाडी बर्फाच्या ढिगात नाक खुपसून उभी होती; तिचा मालक फोन कानाला लावून बाजूला येरझारा घालत होता. देवांग मान वळवून त्या गाडीकडे बघत राहिला. माथा ओलांडल्यावर ढग फाटले आणि पलीकडच्या उतारावर ऊन पडलं. प्रतिमाने एक घोट घेतला आणि ती कुणाला ऐकू जाणार नाही असं गुणगुणायला लागली.

क्लिनिकच्या दारावर 'डेंटल आज बंद' असा कागद होता.

आत रिसेप्शनवर लूपे होती. प्रतिमाला बघून ती खुर्चीतून उठलीच. "डॉक्टर मेश्राम! तुम्ही कशा आलात? मी सगळ्यांना कॅन्सल केलं. याआधीचे डॉक्टर बर्फ पडला की कधीच यायचे नाहीत, म्हणून सकाळीच..." तिने कोपऱ्याकडे बोट केलं. "यांनासुद्धा फोन केला होता. त्या म्हणाल्या, मी येऊन बसते."

कोपऱ्यात रोसा कोट न काढता बसल्या होत्या.

"दारावरचा कागद काढ," प्रतिमा म्हणाली. "आणि सगळ्यांना परत फोन कर."

असिस्टंट तिच्या गावातून निघूच शकली नव्हती. प्रतिमाने इकडेतिकडे बघितलं. देवांग लॅपटॉपसाठी प्लग शोधत होता.

"देवांग, हात धू. साबणाने, कोपरापर्यंत."

"मी?"

"तुला फक्त मी सांगेन तेव्हा आरसा धरायचाय आणि मागेन ते द्यायचंय."

त्याने हात धुतले, हातमोजे चढवले, मास्क लावला आणि ती सांगेल तिथे उभा राहिला. इतकी वर्षं त्याने तिला पुस्तकांवर डुलक्या घेताना बघितलं होतं, परीक्षेच्या सकाळी उलट्या करताना बघितलं होतं. काम करताना कधी बघितलं नव्हतं. ती रोसांशी मोडक्या स्पॅनिशमध्ये बोलत होती, रंगीत कागद दातांमध्ये ठेवून चावायला सांगत होती, कवळी काढून इवलासा भाग घासत होती, पुन्हा बसवत होती. एकदाही तिच्या हाताने घाई केली नाही. देवांगला हवी ती वस्तू चटकन सापडत नव्हती, तेव्हा ती नुसती थांबायची.

मग ती म्हणाली, "आता आरसा."

देवांगने आरसा धरला. रोसांचा हात सवयीने तोंडाकडे गेला. अर्ध्यावर थांबला. त्या बघत राहिल्या, आणि मग त्यांनी तो हात खाली मांडीवर ठेवला. ओठ पसरले, दात दिसले, आणि त्या इतक्या मोठ्याने हसल्या की लूपे फोन तसाच धरून दारात आली.

बाहेर गाड्यांची दारं लागल्याचे आवाज येऊ लागले होते. फोन पोचले होते. कॅन्सल झालेली माणसं बुटांवरचा बर्फ झटकत आत येत होती.

खुर्चीवरून उठताना रोसांनी देवांगकडे बोट करून स्पॅनिशमध्ये काहीतरी विचारलं. लूपे हसू दाबत त्याला म्हणाली, "त्या विचारताहेत, एवढ्या बर्फातून डॉक्टरांना घेऊन आलेले ड्रायव्हर तुम्हीच का? त्यांना तुमचे आभार मानायचेत."

देवांगने मास्क खाली ओढला.

"त्यांना सांगा," तो म्हणाला, "गाडी डॉक्टर चालवतात. मी नुसता बसून आलो."

प्रतिमाची पाठ त्याच्याकडे होती. ती पुढच्या पेशंटसाठी खुर्ची पुसत होती.