उघड्या कोपऱ्याची गादी

मित्रांनो, मी एक जुना दाभण आहे. वापरून वापरून गुळगुळीत झालेला. भातकुलीच्या शफीभाई पिंजाऱ्यांच्या दुकानात माझी अख्खी हयात गेली.

त्या दुकानाची एक रीत होती. गादी भरून झाली तरी तिचा एक कोपरा वीतभर उघडा ठेवायचा. गिऱ्हाइकाने आत हात घालून रुई ओढून पाहायची. मन भरलं, की त्याच्यासमोरच शफीभाई माझ्याकडून तो कोपरा शिवून घ्यायचे. लग्नाच्या गाद्यांसाठी गावोगावचे लोक यायचे. खोटं कशाला बोलू, मी फार तोऱ्यात असायचो!

मग ते बोंडअळीचं साल आलं. कपाशी आतून किडली आणि खेड्यापाड्यांतली लग्नं उसन्या गाद्यांवर उरकू लागली. दुकानात माणूस फिरकेना.

"लग्नसराई सरेपर्यंत पाह्यतो," शफीभाई लेकीला म्हणाले. "नाई जमलं तर पिंजाचं यंत्र विकून टाकतो."

लेक आरजू कॉलेजात शिकत होती. ती म्हणाली, "अब्बा, गिऱ्हाईक आता मोबाईलमंदी बसून हाये. आपनच तिथं जाऊ."

पोरगी हुशार. तिने आमच्या गादीचा फोटो टाकला, उघड्या कोपऱ्यासकट. आणि लोक काय हसले! 'फाटकी गादी विकून राह्यले का बे?' असंही कोणीतरी लिहिलं. आरजूला रडूच कोसळलं. तिने तो फोटो काढून टाकला आणि कुठलीतरी चकचकीत रेशमी गादी शोधून तिचा फोटो लावला. शफीभाईंना मोबाईलमधलं काही कळत नव्हतं. "तुले समजते बेटा," एवढंच ते म्हणाले. मी डब्यात पडून सगळं ऐकत होतो. दाभणाचं कोण ऐकतं?

आठ दिवसांत पाच जणांनी गाद्या मागवल्या. अकोल्याच्या देवीदासभाऊंना लेकीच्या लग्नात द्यायला हवी होती. एसटीने पाठवायची म्हणून कोपरा दुकानातच शिवला, समोर कोणी नसताना. असं मी जन्मात पहिल्यांदा केलं.

लग्न झालं आणि देवीदासभाऊ गादी घेऊन थेट दुकानात आले.

"पोरीच्या सासरचे हासले न आमाले, शफीभाऊ! फोटोतली रेशमी गादी कुठं हाये?"

"भाऊ, आतून पाहा. अशी रुई कुठी भेटनार नाई."

"मी रुई काहून पाहू? मले दाखवली एक, देल्ली एक!"

त्यांनी मोबाईल पुढे धरला. शफीभाईंनी तो फोटो तेव्हा पहिल्यांदा पाहिला. त्यांनी गल्ला उघडून देवीदासभाऊंचे पैसे मोजून दिले. आरजूवर रागावले असते तर बरं झालं असतं. बाकीच्या चार गाद्याही परत आल्या.

लग्नसराई सरली आणि यंत्र टेम्पोत चढलं. त्याच दिवशी आरजूने मोबाईलवर लिहिलं, 'तो फोटो आमचा नव्हता. माफ करा. आमची गादी अशी असते.' खाली उघड्या कोपऱ्याचा तोच जुना फोटो.

चौथ्या दिवशी दर्यापूरच्या कोण्या इंदूबाईंचा निरोप आला. 'हात घालून पाह्याची गादी! माह्या मायनं अशीच घेतली होती. नातीच्या लग्नाले चार पाहिजेत. कधी येऊ?'

आरजूने तो दोनदा वाचून दाखवला. शफीभाई यंत्राच्या रिकाम्या जागेकडे पाहत बसले होते.

"लिव बेटा," ते म्हणाले, "उशीर झाला म्हनावं."

मित्रांनो, उद्या तुम्हीही काहीतरी विकाल, मोबाईलवर मांडाल. जे तुमच्याजवळ आहे तेच दाखवा. लोक हसतील, हसू द्या. त्या हसणाऱ्यांना गादी घ्यायचीच नव्हती. घेणारी बाई वाटेवर होती हो, आम्हालाच धीर धरवला नाही!

आरजू मोबाईल हातात घेऊन बसली आहे. इंदूबाईंना 'उशीर झाला' असं लिहिते आणि पुन्हा पुसते.