तिखट बोटे

माघातली सकाळ. नंदुरबारबाहेरच्या माळावर वाळत घातलेल्या मिरचीच्या पथाऱ्या पसरलेल्या. नजर पोचेल तिथवर आरक्त, रक्तवर्ण, जळते अंगण. कोवळ्या किरणांनी त्या लालीला नुसते शिवावे, आणि अख्ख्या वस्तीने शिंकावे!

पथारीकडेच्या घरात, उंबऱ्यातल्या उजेडात, रमिला पाच महिन्यांच्या भाविकाला मांडीवर घेऊन बसली होती. लेक जन्मली ती डाव्या डोळ्यात मोतीबिंदू घेऊन. शस्त्रक्रियेने तो गेला, पण डोळ्यातले भिंगही त्याच्याबरोबर गेले. आता रोज सकाळी थेंबाएवढे भिंग बुबुळावर ठेवायचे, चांगला उजवा डोळा पट्टीने झाकायचा, आणि विखुरलेला उजेड डाव्यात एकवटायचा. "डोळा बघायला शिकतो तो याच महिन्यांत," डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, "नंतर नाही." तो डोळा अजून कशाच्याच मागे फिरला नव्हता.

भिंगापायी रमिलाने मिरचीचे काम सोडले. तरी वस्ती तिखटाची, वारा तिखटाचा. म्हणून आधी बोट स्वतःच्या डोळ्याला लावायचे, झोंबले नाही तर हात पुन्हा धुऊन लेकीच्या. हा नेम कधी चुकला नव्हता.

आज बोट लावले, आणि डोळ्यात निखारा पडला.

काल शेजारणी भिंगवाली पोर बघून गेल्या, म्हणून सकाळीच तिने लेकीची दृष्ट काढली होती. मीठ, मोहरी, सात मिरच्या, घट्ट मूठ. स्वतःच्याच हाताने! मायेला इतकी कशी भूल पडावी?

साबण झाला. तेल झाले. दही झाले. पुन्हा बोट, पुन्हा आग. कधी या डोळ्यात, कधी त्या. ऊन उंबरा ओलांडून पुढे सरकत होते, वाया जात होते.

"आजना दिन ऱ्हाऊ दे वं माय," सासू निंबाबाई कळवळली. "एक दिनमा काय बिघडी जाई?"

"डोया दखाले इसरी जाई, आत्याबाई." बघणे विसरलेला डोळा पुन्हा शिकणार नव्हता.

सातव्या खेपेला बोट निवले. हात धुऊन, श्वास रोखून तिने भिंग ठेवले, पट्टी लावली. भाविका रडली नाही. रमिलाला मात्र काही दिसेना. सुजल्या पापण्यांतून सगळे जग पाणी-पाणी. पदर चाचपडत ती डावीकडे कलली, उजवीकडे कलली.

"रमिला, हालू नको!" निंबाबाई ओरडली. मग ती भाविकाच्या तोंडाशी वाकली. "नही, हाल. हाल वं! तू जिकडे, तिकडे तिना डोया."

रमिला पुन्हा कलली, हळूच. लाल माळापुढे एक ओला, सुजलेला चेहरा. आणि त्याच्यामागे सावकाश, सावकाश फिरणारा एक इवला डोळा. आईला तो दिसत नव्हता. लेकीला आई दिसत होती.