बसच्या ताईची तुला

आमच्या शाळेत नोकरी देण्याआधी माणसाला तराजूत बसवतात आणि समोरच्या पारड्यात त्याचं मागचं सगळं ठेवतात. पुढाऱ्यांची पेढेतुला होते तशीच, फक्त इथे हार-तुरे नसतात. माणसाचं पारडं जमिनीला टेकलं की नोकरी पक्की. तराजू मैदानात आहे, त्याची दांडी दुसऱ्या मजल्याच्याही वर जाते, आणि गावात कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं. माझी मुलगी बालवाडीत होती तेव्हा तिला बसमधून उतरवून घेणारा माणूस कोण, कुठला, हे मीच खोदून खोदून विचारायचे.

आता त्याच बसवर मुलांना चढवायला-उतरवायला ताई हवी होती. लोकांची भांडी घासून माझे हात सोलवटले होते आणि लहान पोरं मला मनापासून आवडतात. मला ती नोकरी हवी होती, एवढंच.

माझ्या आधी बसचा नवा ड्रायव्हर बसला. तो कुठून तरी लांबून आलेला. इथे त्याला ओळखणारं कुणीच नव्हतं, म्हणून समोरचं पारडं रिकामं राहिलं. त्याचं पारडं धपकन टेकलं.

"रिकामं म्हणजे स्वच्छ," हवालदार ढवळे म्हणाले. ड्रायव्हर चावी घेऊन बसकडे गेला.

मग मी बसले. ढवळ्यांनी पोलीस ठाण्यातून आणलेला एक हंडा समोर ठेवला. काठाला पोचा आलेला, माझाच. दुष्काळात आमच्या गल्लीतल्या बायकांनी हंडे घेऊन हमरस्ता अडवला होता, तेव्हा तो जप्त झाला. तो खटला अजून उभाही राहिला नाही आणि कुणी मागेही घेतला नाही.

"रिकामा हंडा आहे, साहेब," मी म्हणाले. "रिकामा होता म्हणून तर रस्त्यावर बसलो."

"आता नाही रिकामा."

हंडा आतून भरत होता. गार, नितळ पाणी काठापर्यंत आलं आणि माझे पाय जमिनीवरून सुटले. तेव्हा टँकरसाठी घसा फाटेस्तोवर ओरडलो तर थेंब आला नाही, आणि आज न बोलावता हजर! माझं डोकंच फिरलं.

मुख्याध्यापिका खंडागळे बाई खाली उभ्या होत्या. "मला तुम्हालाच घ्यायचंय हो. पण गुन्हा आहे म्हटल्यावर पालक मला जाब विचारणार. लहान मुलं आहेत. न तपासता कशी घेऊ?"

"तपासा की. पण काय तपासताय ते तरी बघा!"

"बघूनच ठेवलाय," ढवळे म्हणाले.

उमेदवाराची साक्ष द्यायची तर तोंडी चालत नाही, त्याच्या शेजारी येऊन बसावं लागतं. आधी आमच्या गल्लीतल्या शमीमआपा चढल्या. "लग्न होऊन आली तेव्हापासून बघतेय मी हिला. सरक गं जरा." पारडं थोडं खाली आलं. तेवढ्यात ढवळ्यांनी आपांचा हंडा समोर ठेवला. त्या दिवशी रस्त्यावर त्या माझ्याच शेजारी बसल्या होत्या. तोही भरला, आणि आम्ही आधीपेक्षा वर गेलो. मग पंचफुलाकाकू आल्या, त्यांच्या सुना आल्या, शिडी लावून सगळी गल्ली चढली. मला ओळखणारी प्रत्येक बाई त्या दिवशी रस्त्यावर होती. प्रत्येकीचा हंडा निघाला.

"उतरा गं बायांनो," मी म्हणाले. "तुमच्यामुळेच वर चाललेय मी."

"आता कुठं उतरायचं?" काकू म्हणाल्या. "खाली बघ की."

आम्ही दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांपाशी होतो. आतून तिसरीचा वर्ग आमच्याकडे बघत होता. हंडे भरून वाहू लागले होते, पाणी मैदानभर झालं होतं, तरी समोरचं पारडं काही हलकं होईना.

शाळा सुटली. मुलं एकमेकांना ढकलत आपली आपणच बसमध्ये चढली. ड्रायव्हरने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"बाई, बसवर कुणी नाही!" मी ओरडले.

"तुमचा निकाल लागेपर्यंत ती जागा रिकामीच ठेवावी लागते," खंडागळे बाई म्हणाल्या. त्यांनी ड्रायव्हरला हाक मारली, पण त्यांचे पाय पाण्यातून उचलत नव्हते.

बस सुरू झाली आणि हळूहळू बरोबर आमच्या खाली आली. दार उघडंच होतं. बालवाडीतली एक पोर उलटी फिरून शेवटच्या पायरीवर आली होती आणि उतरवून घेणारं कुणी दिसतंय का ते बघत होती.

मी पारड्याच्या काठावर आले.

"मध्येच उतरलात तर अर्ज बाद," ढवळे खालून म्हणाले. "पुन्हा कुठल्याच शाळेच्या तराजूत बसता येणार नाही."

शमीमआपांनी माझा पदर घट्ट धरला. खाली पोरीने दोन्ही हात वर केले आणि पायरी सोडली. मी पदर सोडवून घेतला आणि काठ सोडला.