चार बोटांचा डाग

"आंटी, डाग कुठं गेला?"

हर्षाने लुगडं दोन्ही हातांनी उन्हासमोर धरलं होतं. नवतपा सुरू होता, मे सरतानाचे ते नऊ जळते दिवस; सकाळी सातलाच डोळ्यांपुढे अंधारी यावी असं ऊन. त्या उन्हात लुगडं इतकं स्वच्छ दिसत होतं की आधी मला थोडा अभिमानच वाटला. मग आठवलं.

"धुतलं मी."

"काऊन?"

काय सांगणार? आदल्या संध्याकाळी तिने तीनदा बजावलं होतं, 'आहे तसंच ठेवा, उद्या इथूनच पुढे शूटिंग आहे.' मी तीनदा मान हलवली होती. पण पहाटे पाचला शाळेच्या हातपंपावर गेले, तेव्हा बादलीत माझे कपडे होते आणि खांद्यावर हे लुगडं. हातांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. लुगडं माझ्या आईचं. जाऊन तिला दीड वर्ष झालं. चिखलाचं लुगडं तिने कधी रात्रभर घरात राहू दिलं नाही. आधी ते पिळून दोरीवर, मग जेवण.

मी आमगावला ब्लाउज शिवते. दिग्दर्शक उमेंद्र सरांना सिनेमातल्या म्हातारीसाठी वापरलेलं, मऊ झालेलं लुगडं हवं होतं. ते दुकानात आले आणि लुगड्यासोबत मलाही घेऊन गेले. "कपडे तुमच्याकडे, शामकलाबाई. पडद्यावर नाव येईल तुमचं." तेव्हापासून चोरखमारा तलावाजवळच्या गावात, सुट्टीने रिकाम्या शाळेत आमचा मुक्काम. वीस दिवस झाले होते. रोज सकाळी वाटायचं, आज आपल्याला घरी पाठवणार. आणि रोज 'ॲक्शन' ऐकलं की अंगावर काटा यायचा. घरून यांचा फोन यायचा, "बरं आहे ना व?" "बरं आहे जी." "मंग आवाज काऊन असा?" आवाजाचं मलाच समजत नव्हतं, भीतीने असा होतो की खुशीने.

आजचा प्रसंग म्हातारीचा शेवटचा होता. तलावाच्या आटलेल्या काठाची माती आणून, कोंडा घालून ती चूल घालते. अर्धी चूल काल झाली होती, अर्धी आज. म्हातारीचं काम करणाऱ्या अंजूताई अकराच्या गाडीने नागपूरला निघणार होत्या आणि परत येणार नव्हत्या. म्हणजे अर्ध्या चुलीपाशी मातीने भरलेली म्हातारी आणि उरलेल्या चुलीपाशी एकदम धुतलेली!

"हे ध्यानात ठेवाचं काम माझं आहे," हर्षा म्हणाली. गोंदियाची पोरगी, तेवीस वर्षांची, पहिलाच सिनेमा. "सर मले आजच घरी पाठवतील."

"मी सांगतो ना, मी धुतलं म्हणून."

"मग दोघींना पाठवतील!"

तेही खरंच होतं.

तिच्या मोबाईलमध्ये कालचा फोटो होता. डाव्या कमरेवर चार बोटं, गुडघ्यांवर दोन गोल, पदराला शिंतोडे. फोटो समोर ठेवून हर्षा माती बोटाने लुगड्यावर लावू लागली. एक बोट झालं, दुसरं झालं.

"थांब व पोरी. हे तं रांगोळी होऊन राहिली."

"मग काय करू, आंटी? आठ वाजता सर बोलवतील!"

मी तिच्या हातातून लुगडं घेतलं, तिने काढलेली दोन बोटं ओल्या हाताने पुसली, वर्गात गेले आणि नेसले. आईचं लुगडं आई गेल्यावर पहिल्यांदाच अंगावर घेत होते. नेसताना काही वाटून घ्यायला वेळ नव्हता. शाळेमागे कालच्या मातीचा ढीग होता. बसले, गुडघे टेकले, पाणी शिंपडलं, कोंडा घातला, मळायला लागले. मळताना पदर घसरला. पदर सावरायचा म्हणून डावा हात आधी कमरेला पुसला.

हर्षाने मोबाईल माझ्या कमरेजवळ धरला. एकदा फोटो, एकदा मी.

"आंटी... सेम!"

सेम नाही येणार तर काय? माझ्यासमोर आठ दिवस बसून अंजूताई माती मळायला शिकल्या होत्या. मी आईसमोर बसून शिकले होते.

लुगडं दोरीवर टाकलं. जन्मात पहिल्यांदा नवतप्याला हात जोडले. पंधरा मिनिटांत डाग कडक.

पावणेआठला अंजूताईंना नेसवत होते. त्यांनी पदर नाकाशी नेला. थांबल्या. माझ्याकडे बघितलं, हर्षाकडे बघितलं.

"साबणाचा वास येतोय हो, बाई."

हर्षाने मोबाईल पाठीमागे लपवला.

"असू द्या," त्या निऱ्या खोचत म्हणाल्या. "कॅमेऱ्याले नाक नसते."

उमेंद्र सर कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्याजवळ वाकून बराच वेळ बघत राहिले. मी मागे उभी होते, पिनांची डबी इतकी घट्ट धरून की झाकणाचा वण तळव्यावर उठला. "हर्षा, कालचा फोटो दाखव." तिने दाखवला. त्यांनी बोटांनी मोठा केला. तलावाकडून गरम वारा आला. पदर हलला.

"चला. घेऊ."

चूल पूर्ण झाली. अंजूताईंनी डावा हात कमरेला पुसला, पदर सावरला आणि माझ्या आईच्या लुगड्यात उठून तलावाकडे चालत गेल्या. मला पाठच दिसत होती. सर 'कट' म्हणाले, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि हर्षा घामाने भिजली होती.

मुक्काम हलला तेव्हा तिने लुगडं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हाती दिलं. "परत एखादा शॉट लागला तर. मी फोन करीपर्यंत धुवाचं नाही, आंटी. माझी शप्पथ."

चार महिने ते घरी खुंटीला होतं. हे रोज विचारायचे, "धून कायले नाही टाकत हे?" मी म्हणायची, "हात नका लावू."

दसऱ्याच्या आधी हर्षाचा फोन आला. सिनेमा जोडून झाला होता. "नाव आहे बरं का तुमचं! आता खुशाल धुवा."

मी अंगणात बादली भरली, साबण घेतला, लुगडं पिशवीतून काढलं. कमरेवरची चार बोटं तशीच होती, कोंड्याचे कण चिकटलेली. त्यांच्यावर माझी चार बोटं ठेवून बघितली. मग लुगड्याची घडी घातली, डाग आत जाईल अशी, आणि आईच्या पेटीत ठेवली. न धुतलेलं लुगडं त्या पेटीत पहिल्यांदाच गेलं.

भरलेल्या बादलीत मग यांचे दोन बनियान भिजवले.