आजीच्या घंटीची तार

मित्रांनो, खुंटीवर वेटोळं करून टांगलेली ही गंजकी तार दिसते ना? तीच मी. कोपरीच्या एका घरातल्या अडगळीच्या खोलीत माझा मुक्काम आहे. इथे माझ्याशी कुणी म्हणून बोलत नाही. आज तुम्ही सापडलात, तेव्हा थोडी बडबड चालवून घ्या.

माझा जन्म विलायतेच्या कारखान्यातला. भट्टीत तापले, बारीक बारीक भोकांतून ओढली गेले, मग अंगावर जस्ताचा मुलामा चढला. काय ऐट होती तेव्हा माझी! रुळांच्या कडेनं खांबाखांबांवरून मी ठाण्याचे निरोप कल्याणला न्यायचे. पुढे नवी तार आली आणि माझे तुकडे तारकचेरीच्या मागे गवतात पडले. तिथून हरिहरपंतांनी साहेबाला विचारून मला घरी आणलं. हरिहरपंत म्हणजे ठाण्याचे तारमास्तर. ही गोष्ट सन अठराशे शहाऐंशीची.

पंतांच्या आईचा पाय मोडला होता. परसापलीकडच्या खोलीत ऊन चांगलं येई, म्हणून तिचं अंथरूण तिथे होतं. पण तिची हाक काही माजघरापर्यंत ऐकू येईना. पंतांनी काय केलं, माजघराच्या भिंतीवर एक घंटी बसवली, फळीवर नवसागराच्या पाण्याच्या काचेच्या बरण्या मांडल्या आणि आईच्या उशाशी एक बटण लावलं. या दोन टोकांच्या मध्ये, परसातल्या उंच बांबूवरून, मला ताणलं. बरण्यांतून जरा जरा वीज निघायची, घंटी वाजण्यापुरती.

म्हातारीनं बटण दाबलं की माजघरात टिंग! लगेच पंतांची बायको रखमाबाई चुलीपासून ओरडायची, "आले हो, सासूबाई!" म्हातारीला तहान लागो न लागो, दिवसातून दहादा टिंग. रखमाबाई कधी वैतागायची, पण "आले हो" म्हणायची चुकली नाही. आख्ख्या कोपरीत माझं कौतुक झालं. लोक मान वर करून बघायचे. मला मेलीला वाटायचं, हे असंच चालायचं.

तीन वर्षांनी म्हातारी गेली.

पंतांनी बरण्या रिकाम्या करून पालथ्या घातल्या. मला मात्र हात लावला नाही. एक टोक घंटीला, एक टोक बटणाला, तशीच मी लोंबत राहिले. काय सांगू तुम्हाला, ते दिवस फार वाईट गेले. निरोप नाही, हाक नाही. कावळा बसायचा, तोही उडून जायचा. मी आपली वाट बघायची, कोणीतरी एकदा बटण दाबेल.

मग रखमाबाईला माझा एक उपयोग सुचला. सोवळ्याचं लुगडं धुतल्यावर ते कोणाच्या अंगाला लागता कामा नये, म्हणून उंच वाळत घालायचं आणि काठीनंच खाली काढायचं, अशी त्या घरची रीत. माझ्याइतकी उंच वळणी कुठे मिळायची? रोज ओलं लुगडं माझ्या अंगावर पडू लागलं. तेवढाच मला कोणाचा तरी स्पर्श.

घंटीच्या खाली आता शकूचं अंथरूण असायचं. शकू पंतांची लेक, चार वर्षांची. दुपारी ती तिथे झोपायची आणि मला कापरं भरायचं. कारण मला ठाऊक होतं, मित्रांनो! तारकचेरीत असताना मी पाहिलं होतं. ढग गडगडले की पंत आधी यंत्राची तार सोडवायचे, मग दुसरं काम. आभाळातली वीज तारेवरून आत येते हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. आणि घरी? घरी मी बांबूवर ताणलेली, आणि माझं टोक लेकराच्या डोक्याशी.

पंत एकदा म्हणाले, "ती तार आता काढायला हवी."

"अहो, काढाल तर माझं सोवळं कुठे वाळत घालू?" रखमाबाई म्हणाली.

"बरं, राहू दे," पंत म्हणाले. खरं सांगू? सोवळ्याचं निमित्त झालं. आईची हाक स्वतःच्या हातानं तोडायचं त्यांच्या जिवावर येत होतं. मला सगळं कळत होतं. जन्मभर दुसऱ्यांच्या हाका पोचवल्या, पण "मला काढा रे" एवढं मला सांगता येईना.

हस्ताचा पाऊस लागला. एका दुपारी आभाळ काळंकुट्ट झालं. रखमाबाई काठी घेऊन लुगडं काढायला परसात आली आणि गडगडाट ऐकून तशीच मागे फिरली. ती उंबऱ्यात पोचते न पोचते तोच कुंपणापलीकडच्या ताडावर वीज कोसळली. तिचा नुसता झपाटा माझ्या अंगात शिरला. आई गं! मी थांबवू कशी? माजघरात घंटी एकदाच वाजली, निळी ठिणगी उडाली, घंटीची लाकडी पेटी फुटली आणि भिंत वीतभर काळी पडली. शकूच्या डोक्याच्या हातभर वर.

शकू दचकून उठली. म्हणाली, "आजीनं बोलावलं?"

रखमाबाईनं तिला उराशी धरलं. बाहेरून मिठागरावरचा गुणाजी ओरडत आला, "मास्तर, ताडावर ईज परली! पोर बरी हाय ना?" पंत त्या दिवशी सुट्टीमुळे घरीच होते; त्यांनी काळ्या भिंतीवरून हात फिरवला. "चूक माझी आहे," ते म्हणाले. "कचेरीत रोज करतो ते घरी केलं नाही."

दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी घाई केली नाही. आभाळ स्वच्छ होईपर्यंत तीन दिवस थांबले. शकूला तोवर दुसरीकडे निजवलं. मग लख्ख उन्हात गुणाजीनं शिडी धरली. पंतांनी आधी घंटीकडचं टोक सोडवलं. गुणाजी म्हणाला, "आता ऱ्हाऊं द्या की त्या अंगाचं."

"नाही रे," पंत म्हणाले. "एक टोक लोंबत ठेवलं तर ते कोणाच्या तरी हाताला लागणारच."

ते पलीकडच्या खोलीत गेले. बटणापाशी उभे राहिले. मग त्यांनी ते हळूच दाबलं. घंटी वाजणार कुठली? बरण्या कोरड्या, मी सुटलेली. पण रखमाबाई स्वयंपाकघराच्या दारातून हे सगळं बघत होती. ती नेहमीसारखंच ओरडली, "आले हो, सासूबाई!"

पंतांनी डोळे पुसले आणि मला सोडवलं.

सोवळ्याला आता बांबूची वळणी आहे. मी इथे खुंटीवर आहे. म्हणतात, पुढे घरोघरी दिव्यांच्या तारा येतील. येऊ देत. पण मित्रांनो, जिचं काम संपलं ती तार बाहेर तशीच सोडू नका. जाणत्या माणसाला बोलवा, कोरड्या दिवशी तिची दोन्ही टोकं सोडवून घ्या. तिच्यावर माया असेल तर खुंटीला टांगा.

एकटं वाटतं, नाही कशाला म्हणू? पण दुपारी माजघरातून शकूचं घोरणं ऐकू येतं, तेव्हा मी निवांत असते.